घोरणं ऐकून आलेले पाहुणे

मामा घोरायला लागला की खिडकीच्या काचा थरथरतात, असं टिटवी म्हणायची, आणि त्यात तिखटमीठ फारसं नव्हतं. उत्तरेकडच्या त्या चिमुकल्या बंदराच्या शहरात टिटवी, तिची आई आणि मामा अशा तिघांनी मिळून सुट्टीपुरती एकच खोली भाड्याने घेतली होती. खाली सायकलदुरुस्तीचं दुकान, वर उतरत्या छताची खोली आणि सरळ उभं राहिलं की कपाळमोक्ष करणारी एक तुळई. टिटवीचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत. घरात तिच्या अखंड बडबडीमुळे ती टिटवीच.

रोज सकाळी चहाबरोबर ती मामाची नक्कल करायची. आधी बारीक शिट्टी, मग घशातून ओढलेली खरखर, मग माणूस गेला की काय असं वाटेपर्यंत शांतता, आणि शेवटी "भोंऽऽऽ!" आईच्या कपातला निम्मा चहा बशीत यायचा.

"मी मुळात घोरतच नाही," मामा तोऱ्यात म्हणायचा.

इथं मुक्काम ठोकून रोज बसने रानोमाळ भटकायचं, हा बेत टिटवीचा. पाणथळीतली बदकं झाली, कड्यांवरची पाखरं झाली, पायाखाली गादीसारखं दबणारं शेवाळाचं जंगलही झालं. ज्यांच्यासाठी ती आली होती ते समुद्रातले सील प्राणी मात्र एकदाही दिसले नाहीत. आणि मामाला वेध लागले होते मोठ्या शहराचे, तिथल्या दुकानांचे.

"निसर्ग बघून बघून माझे डोळे हिरवे झाले," तो म्हणाला. "आज सील दिसला तर सुट्टी संपेपर्यंत इथंच राहू. नाही दिसला तर उद्या सकाळची गाडी. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिला तरच. फोनमधला व्हिडिओ चालणार नाही."

"ठरलं!" टिटवीने टाळी दिली. महिनाभर अशी भटकण्यापूर्वीची टिटवी आधी आईच्या तोंडाकडे बघत बसली असती.

खाली घरमालकीण एका चाकाला वंगण घालत होती. तिने बाहेर निघालेल्या तिघांना सांगितलं, "शेवटच्या थांब्यापुढे खडक आहेत, तिथं बसा. भारी चौकस जात आहे ती सीलची. वेगळा आवाज कानावर पडला की डोकावतात."

बसमधून उतरले तर समोर समुद्रच नाही! धुक्याने अख्खा गिळलेला.

"वा! पांढरा पडदा बघायला एवढ्या लांब आणलंस," मामा म्हणाला.

टिटवीने शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या, शाळेची प्रार्थना दोनदा म्हटली. सील सोडाच, एक शिंपलाही हलला नाही. मामाने पाव आणि उकडलेली अंडी चापली, खडकाला पाठ टेकली, टोपी डोळ्यांवर ओढली. थोड्याच वेळात शिट्टी. मग खरखर. मग शांतता. मग "भोंऽऽऽ!"

धुकं जरासं विरळ झालं होतं. पाण्यातून एक गोल, ओलंचिंब, मिशीवालं डोकं वर आलं. त्यामागे दुसरं. पुढच्या "भों"ला आणखी तीन. सगळ्यांचे काळेभोर डोळे मामावर!

"आई, उठव त्याला!" टिटवी कुजबुजली.

आईने खांदा हलवला. "हं..." करत मामाने कूस बदलली, घोरणं तुटलं, आणि डुबुक, डुबुक, डोकी गायब. मामा पुन्हा घोरायला लागला तशी पाहुणे मंडळी पुन्हा हजर.

आता आली का पंचाईत! मामा झोपला तर सील येणार, उठला तर जाणार, आणि बघायचे तर मामानेच.

टिटवीने दोन क्षण विचार केला. मग मामाला खेटून आडवी झाली आणि त्याच्या "भों"ला आपला "भों" जोडला. एकदा, दोनदा, सूर जुळेपर्यंत. मग आईला डोळ्यांनी खूण केली.

आईने भावाचं नाक चिमटीत धरलं. मामा थांबला, टिटवी थांबली नाही. शिट्टी. खरखर. शांतता... एक डोकं बुडायला लागलं. "भोंऽऽऽ!" ते परत वर आलं, उलट आणखी जवळ.

मामाने डोळे किलकिले केले. "ताई, मी जागा आहे ना?"

"हो रे."

"मग घोरतंय कोण?"

आणि त्याने समोर पाहिलं. खडकाच्या अगदी खाली एक जाडजूड सील, मिशी हुबेहूब मामासारखी, त्याच्याकडे टक लावून बघत होता. मामाचा जबडा उघडा तो उघडाच.

"उद्याची गाडी?" आईने हळूच विचारलं.

"कसली गाडी? गप्प बस, बिचकतील ते." मामाने नजर जराही हलवली नाही. टिटवीला दम लागला होता, हसूही फुटत होतं, पण तिचं घोरणं नेटाने चाललं होतं.

"थांबू नकोस हं, टिटवे," तो पुटपुटला. "आणि ती शिट्टी जरा लांबव. माझी एवढी आखूड नसते."