संत जोसेफचा रंधा

वाशीमच्या बाजारात पुंजाजीचं फोटोफ्रेमचं दुकान चांगलं पस्तीस वर्षांचं. लग्नाचा फोटो असो की देवाची तसबीर, मढवायची ती पुंजाजीकडूनच. फ्रेम तयार झाली की तो पाठीमागं एक पिवळं लेबल डकवायचा, 'पुंजाजी फ्रेम वर्क्स, वाशीम'. लेबल लावल्याशिवाय त्याच्या हातून काम सुटत नसे. माणसाला आपल्या नावाची एवढी हौस असू नये, पण त्याला होती.

आसेगावकडं जाताना रस्त्याला लागूनच एक जुनं कॅथलिक चर्च आहे. तिथल्या रंगीत काचांच्या खिडक्या दुरुस्त करायला नागपूरहून संघदीप नावाचा कारागीर आला होता. मदतीला काचेतला जाणकार हवा म्हणून फादर तुस्कानोंनी पुंजाजीला निरोप धाडला.

सत्तावीस वर्षांपूर्वी वादळात त्या चर्चची एक खिडकी निखळली होती. ती पुंजाजीनंच नीट करून परत बसवली होती, आणि उलटी बसवली होती. खिडकीत हातात रंधा घेतलेला सुतार, संत जोसेफ. आयुष्यभर तसबिरी मढवणाऱ्या पुंजाजीला वाटलं, चित्राचं तोंड लोकांकडं पाहिजे, आणि लोक तर रस्त्यानं जातात. म्हणून रंगवलेली बाजू बाहेर, पाठ आत. पाठीच्या खालच्या कडेला सवयीनं लेबल, त्यावर काच पक्की करायची लांबी दाबली की काम फत्ते!

झग्याचा निळा, रंध्याचा तपकिरी हे रंग काचेतच मुरलेले, त्यांना धक्का लागला नाही. पण चेहऱ्याच्या रेघा काचेवर काढून भट्टीत भाजलेल्या होत्या, आणि भाजणीही कच्ची असावी. ऊनपावसानं आधी डोळे गेले, मग नाक, मग दाढी. पुंजाजी हे एसटीतून बघत आला होता. पहिल्यांदा वाटलं धूळ बसली. खरं काय ते कळलं तेव्हापासून तो चर्चच्या बाजूच्या सीटवर बसेनासा झाला.

"येवढं तोंड पाडून काहून बसले? जमत नसन तं नाई म्हना," त्याची बायको मनकर्णाबाई म्हणाली. तिलाही त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

"जातो ना," पुंजाजी म्हणाला. आपल्याआधी दुसऱ्या कुणी ते लेबल पाहिलं तर, ह्या धास्तीनंच तो गेला.

खिडकी उतरवून टेबलावर ठेवली होती. संघदीप वाकून बघत होता. "फादर, हे पाहा. आतून पाहिलं तं रंधा डाव्या हातात. कोनीतरी ही खिडकी उलटी लावली, म्हनून चेहरा गेला."

पुंजाजी सुरीनं कडेची लांबी खरवडत होता. पिवळा कोपरा वर आला. त्यानं त्यावर अंगठा ठेवला, लेबल हळूच सोलून काढलं आणि खिशात टाकलं.

"कोन लावली असन?" संघदीपनं विचारलं.

"त्या वेळचे फादर केव्हाच वारले," फादर म्हणाले. "आता कुणाला विचारायचं?"

"जुना फोटो?"

फोटो एकच होता, त्यातही खिडकीच्या जागी नुसता उजेड. संघदीपनं मान हलवली. "मंग चेहरा नाई होत, फादर. मनानं काढला तं थो खोटा होईन. कोरी काच बसवू."

फादरांनी त्या कोऱ्या जागेवरून बोटं फिरवली. "बसवा मग," एवढंच म्हणाले.

पुंजाजी सुटला. आता जन्मात कुणाला कळणार नव्हतं. दुपारी निंबाखाली त्यानं भाकरीचं फडकं सोडलं. खिशातलं लेबल चिमूटभर, पण छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटत होतं. कारण तो चेहरा त्याला आठवत होता. तो एवढ्या जवळून पाहिलेला जिवंत माणूस आता पुंजाजी एकटाच होता, आणि गप्प बसला तर चेहरा त्याच्याबरोबरच जाणार होता.

भाकरी तशीच गुंडाळून तो आत गेला आणि लेबल टेबलावर ठेवलं.

"म्या लावली होती. मले वाटलं, देवाचं तोंड रस्त्याकडे पायजे." त्यानं चेहऱ्याच्या कोऱ्या जागेकडं बोट केलं. "तुमच्या देवाचा चेहरा म्या घालवला, फादर."

फादरांनी लेबल वाचलं, पुन्हा वाचलं. संघदीपनं कानामागची पेन्सिल काढली.

"काका, खिडकी तुमच्या दुकानात किती दिवस होती?"

"दोन."

"चेहरा पायला?"

"पुसला ना या हातानं!"

"मंग सांगा."

पुंजाजीनं डोळे मिटले. "आमचे सारे देव समोर पायतात. हा खाली पाये, रंध्याकडे. कपाळाले दोन आठ्या. एक भुवई वर, लाकडात गाठ लागली का सुतार करते तशी. गाल बसलेले. ओठ दाबून धरलेले."

संघदीप काढत गेला, पुंजाजी खोडायला लावत गेला. हनुवटी चुकली, मग डोळे मोठे झाले. तिसऱ्या दिवशी सतराव्या कागदावर पुंजाजीनं बोट ठेवलं आणि उपरण्यानं डोळे पुसले. "हाच," तो म्हणाला.

महिन्याभरात चेहरा पक्का भाजून खिडकी सुलट बसली, रंगवलेली बाजू आत. मनकर्णाबाई मुद्दाम बघायला आली. बाकावर बसून तिनं मान वर केली. "अजी, याले तं कोनाकडे पाहाले फुरसतच नाई. तुमच्यावानीच हाय."

"काका, लेबल?" संघदीपनं विचारलं.

पुंजाजीनं खिशातून नवं लेबल काढलं, बाहेर जाऊन शिडी लावली आणि खिडकीच्या पाठीवर डकवलं. फादर खालून म्हणाले, "पुंजाजी, तिथं पाऊस लागतो. एका पावसाळ्यात निघून जाईल."

"जाऊ द्या, फादर," पुंजाजी म्हणाला. "नावच जाईन, चेहरा तं नाई जात."

परतीच्या एसटीत तो चर्चच्या बाजूला बसला. बाहेरून आता शिशाच्या काळ्या पट्ट्यांखेरीज फारसं काही दिसत नव्हतं. तरी खिडकी नजरेआड होईपर्यंत तो मान वळवून बघत राहिला.