पाचव्या नंबरचा खटला

वेगा ओंदाच्या सिगार कारखान्यात सोमवारची सकाळ आली की एडेलमिरा मान खाली घालून बसायची. एरवी ती मान खाली घालणाऱ्यांतली नव्हती. तिसऱ्या रांगेतल्या तिच्या बाकावरून जी सिगार वळून निघे, तिला बोट ठेवायला जागा नसे. आणि तोंडाच्या बाबतीतही तिच्यावर कुणी बोट ठेवायला धजत नसे. पण सोमवारी उंच चौथऱ्यावरच्या खुर्चीत बसून इलारिओमास्तर पेपर वाचायला घेत. गेली वीस वर्षं त्यांचं कामच ते होतं. दीडशे माणसं तंबाखूची पानं वळत बसलेली असताना सकाळी बातम्या आणि दुपारी कादंबरी मोठ्याने वाचून दाखवायची. सोमवारच्या बातम्यांत रविवारचा सामना असे, आणि वेगा ओंदाच्या बेसबॉल संघाचा मॅनेजर होता एवेलिओ कार्मेनाते. एडेलमिराचा नवरा.

कुणाला खेळवायचं, कुणाला बसवायचं, चेंडू टाकून दमलेला पिचर कधी बदलायचा, हे सगळं एवेलिओच्या हातात. सहा हंगाम झाले, तो हे करत होता. दहा संघांत वेगा ओंदाचे ससाणे पहिल्या वर्षी पाचवे आले. मग सहावे. मग पाचवे, पुन्हा पाचवे, सहावे, आणि या वर्षी परत पाचवे. संघ शेवटचा आला असता तर गावाने हळहळ व्यक्त केली असती, पहिला आला असता तर चौकात डुक्कर भाजलं असतं. पाचव्या नंबराचं करायचं काय, हेच कुणाला कळत नव्हतं. त्यामुळे सगळे एवेलिओला शिव्या घालत.

त्यात सर्वांत मोठा आवाज तिबुर्सिओचा. पलीकडच्या रांगेत बसणारा, पिंपासारखा गोल माणूस. मास्तरांनी धावसंख्या वाचून तोंड मिटलं रे मिटलं की हा उठलाच.

"एडेलमिरा! नवऱ्याला विचार जरा, आठव्या डावात दमलेल्या निवाल्दोला तसाच का ठेवला? डोळा लागला होता का त्याचा?"

"विचारते की," एडेलमिरा पान ताणत म्हणायची. "आणि तुला घरात का ठेवलाय ते मी तुझ्या बायकोलाही विचारते."

सगळा हॉल हसायचा आणि पानं कापायच्या पात्या फळ्यांवर खटाखट वाजायच्या. इथे टाळ्या अशाच वाजत. एडेलमिराही हसायची, पण पुढची दोन-तीन पानं हातात फाटायची. घरी ती यातलं काही बोलत नसे. लग्नानंतर दोघांनी ठरवलंच होतं, उंबऱ्याच्या आत बेसबॉल आणायचा नाही. सहा वर्षांत तिने एवेलिओला एकदाही विचारलं नव्हतं, निवाल्दोला का ठेवला म्हणून.

हंगाम संपला त्या सोमवारी मास्तरांनी शेवटचा तक्ता वाचला आणि हॉलमध्ये एकच गिल्ला झाला. एवेलिओला काढा, एवेलिओने काय करावं, खेळाडूच दगड आहेत, दगडांना खेळवतो कोण. इतका आरडाओरडा, की मास्तरांना पेपर खाली ठेवावा लागला.

"सहा वर्षं झाली, तेच तेच ऐकतोय मी," ते म्हणाले. "एकदाचा सोक्षमोक्ष लावा आणि मला सुखाने कादंबरी वाचू द्या."

"खटला भरा!" तिबुर्सिओ ओरडला. "शुक्रवारी काम सुटल्यावर. इथेच. आरोप मी मांडतो. मास्तर न्यायाधीश. निकाल सगळ्यांनी द्यायचा, पात्या वाजवून."

कल्पना सगळ्यांना इतकी आवडली की मास्तर नको म्हणेपर्यंत ते न्यायाधीश होऊनही गेले होते. आता प्रश्न राहिला, आरोपीची बाजू कोण घेणार? मग एकेक मान वळली आणि तिसऱ्या रांगेवर येऊन थांबली.

"काय बघताय?" एडेलमिरा म्हणाली. "माझ्या कपाळावर वकील लिहिलंय का?"

तिला राग आला. गावाचा, तिबुर्सिओचा, आणि सगळ्यांत जास्त त्या पाचव्या नंबरचा.

"ठीक आहे," ती म्हणाली. "घेते मी त्याची बाजू. मास्तर, तुमच्याकडे जुने पेपर असतात ना? मला सहा वर्षांचे हवेत. हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्याचे."

घरी तिने एवेलिओला सांगितलं तेव्हा तो गुडघ्यांना गरम पाण्याचं फडकं लावून बसला होता. पंधरा वर्षं फलंदाजामागे चेंडू झेलणारा कॅचर म्हणून उकिडवा बसून त्याच्या गुडघ्यांचं भुस्कट झालं होतं. ऐकून तो हसायलाच लागला.

"आणि आरोपीला बोलावलंय की नाही?"

"तू येऊ नकोस."

"वा! फाशी मला, आणि मीच नको?"

"एवेलिओ, सांगून ठेवते. आलास तर तोंड उघडायचं नाही."

शुक्रवारी तो आला. आणि कसा आला! धुऊन इस्त्री केलेला गणवेश, डोक्यावर टोपी, आणि हातात पेरूची वडी आणि चीज भरलेलं मोठं ताट. न्यायाधीशांपासून सुरुवात करून सगळ्या रांगांतून त्याने ते फिरवलं.

"ही लाच आहे!" तिबुर्सिओ म्हणाला आणि दोन वड्या उचलल्या.

चौथऱ्याखाली आरोपीसाठी एक तिपाई ठेवली होती. एवेलिओ त्यावर बसला, गुडघे कडकड वाजले. मास्तरांनी पाती तीनदा आपटली. दारात आणि खिडक्यांत माणसं दाटली होती. गोदामातले, पानं भिजवणारे, शेजारच्या बेकरीतले दोघं पिठाच्या हातांनी तसेच आलेले.

तिबुर्सिओ उभा राहिला. त्याने शर्टाची वरची बटणं लावली होती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. सहा वर्षं वेगा ओंदाने पाचव्या-सहाव्या नंबरची हवा खाल्ली, तो म्हणाला. पोरं तरणीताठी आहेत, मैदान चांगलं आहे, लोक पावसात भिजून ओरडतात. मग घोडं अडतं कुठे? त्याने एवेलिओकडे बोट केलं. पहिला गुन्हा, हा माणूस घाबरट आहे. जोरात मारायच्या वेळी बॅट नुसती टेकवायला सांगतो. दुसरा गुन्हा, निवाल्दो. चांगला पिचर, कुणी नाही म्हणत नाही. पण वय अडतीस! सातव्या डावानंतर त्याचा चेंडू वाटेत कॉफी पिऊन येतो. समोरचे त्याला धू धू धुतात, आणि हा बाकावर बसून बघतो!

पात्या कडाडल्या. एवेलिओने टोपी काढून मांडीवर ठेवली.

एडेलमिरा उठली. तिने हात एप्रनला पुसले.

"मास्तर, पेपरवाल्यांनी दर वर्षी हंगामाआधी भाकीत केलं होतं, कोण कितवा येणार. आमच्या संघाचं काय म्हटलंय, तेवढं वाचा."

मास्तरांनी चष्मा लावला. पहिलं वर्ष, नववा. दुसरं वर्ष, नववा. तिसरं, दहावा. मग पुन्हा नववा, नववा, नववा.

"हे सगळं तुम्हीच वाचून दाखवलं होतं," ती म्हणाली, "आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. तिबुर्सिओ, तू तर म्हणाला होतास की नववा म्हणजे पेपरवाल्यांनी लाजेखातर लिहिलंय."

"म्हणालो असेन," तिबुर्सिओ पुटपुटला.

"तीन वर्षांत आपले दोन मोठे फलंदाज राजधानीच्या संघात गेले. एवेलिओने ते विकले नव्हते. बाकीचे पोरगे सकाळी ऊस तोडतात, दुपारी सराव करतात. असा संघ नवव्याच्या जागी पाचवा आला, तर चार पायऱ्या त्याला चढवलं कुणी? भुतांनी? पाचव्या नंबरासाठी तुम्ही ह्या माणसाला दोष देता? अरे, त्याला तर मिठी मारायला पाहिजे!"

आता पात्यांचा असा कडकडाट झाला की बेकरीवाल्यांनी पिठाच्या हातांनीच टाळ्या वाजवल्या. एवेलिओ बायकोकडे असा बघत होता, जणू कुणी तिची आजच ओळख करून दिली असावी. एडेलमिराला वाटलं, जिंकलो.

पण तिबुर्सिओ काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो हळूच पुढे आला.

"छान बोललीस. नवव्याचा पाचवा झाला, मान्य. आता मला एवढंच सांग. निवाल्दोला तो वेळेवर का काढत नाही?"

गेली सहा वर्षं, दर रविवारी, स्वयंपाकघरात रेडिओसमोर पळी हातात धरून एडेलमिरा स्वतःच ओरडत आली होती, 'अरे काढ त्याला, मूर्खा, काढ!' शेजारणीने ऐकलं होतं. शेजारीण दुसऱ्या रांगेत बसली होती आणि गालातल्या गालात हसत होती.

"ह्या एका बाबतीत," एडेलमिरा शेवटी म्हणाली, "मी त्याची वकिली करणार नाही."

हॉलमध्ये कुजबुज झाली. ती तिपाईकडे वळली.

"का रे? सहा वर्षं मी विचारलं नाही. आज विचारते. का ठेवतोस त्याला?"

"तूच म्हणालीस, तोंड उघडायचं नाही."

"आता उघड!"

एवेलिओने टोपी दोनदा फिरवली. मग खाली बघूनच बोलायला लागला. "मी जातो ना मैदानात. प्रत्येक वेळी जातो, काढायचं ठरवूनच जातो. पिचरच्या उंचवट्यावर पोचलो की निवाल्दो म्हणतो, 'एवेलिओ, अजून एकच डाव.' बारा वर्षं त्याचे चेंडू मी झेललेत. त्याच्या तोंडाकडे बघून मला नाही म्हणता येत नाही. मग मी त्याच्या पाठीवर थाप मारतो आणि परत येतो." मग त्याने मान वर केली. "चूक माझीच आहे. तिबुर्सिओ बरोबर बोलतोय."

तिबुर्सिओला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी बरोबर म्हटलं होतं. तो इतका गोंधळला की खालीच बसला. मास्तर या हंगामाचे पेपर चाळत होते. चार सामने असे होते, त्यांनी जाहीर केलं, की आठव्या किंवा नवव्या डावात निवाल्दोच्या चेंडूंवर हातचे गेले. ते चार जिंकले असते तर ससाणे तिसरे आले असते.

"तिसरे!" सगळा हॉल हळहळला.

तेवढ्यात दाराशी गडबड झाली. पानं भिजवणाऱ्यांच्या घोळक्यातून एक उंच, खांदे वाकलेला माणूस पुढे आला. निवाल्दो गोदामातच कामाला होता, आणि इतका वेळ एका पिंपामागे उभा होता.

"मास्तर, मला बोलायचंय," तो म्हणाला. "माझा खांदा सहाव्या डावातच ठणकायला लागतो. दोन वर्षं झाली."

एवेलिओ तिपाईवरून उठला. "मग सांगितलं का नाहीस, गाढवा?"

"कसं सांगू? तू लंगडत लंगडत येतोस मैदानात, तोंड एवढंसं करून. मला वाटायचं, ह्याच्याकडे दुसरा पिचर नसणार. मी जर दमलो म्हणालो तर हा उघडा पडेल. म्हणून म्हणायचो, एकच डाव."

"माझ्याकडे तीन पिचर बसलेले असतात बाकावर!"

"मला काय माहीत? माझी तिकडे पाठ असते!"

मग आधी एडेलमिराला हसू फुटलं. ती एप्रनमध्ये तोंड खुपसून हसली, मग शेजारीण, मग तिबुर्सिओ पोट धरून, आणि मग छपराला दणका बसावा तसा सगळा हॉल. मास्तर पाती आपटत होते, पण त्यांचाही चष्मा नाकावरून घसरला होता. निवाल्दोने एवेलिओच्या गळ्यात हात टाकला, दुखऱ्या बाजूचा, आणि ओय ओय करत काढून घेतला.

निकाल द्यायला फार वेळ लागला नाही. पाचव्या नंबरबद्दल निर्दोष, यावर एकूण एक पाती वाजली. तिसरा नंबर हुकवल्याबद्दल दोषी, यावरही एकूण एक वाजली. त्यात एडेलमिराची सगळ्यात जोरात. राहिली शिक्षा. कुणी म्हणालं गावजेवण घालायला लावा, कुणी म्हणालं मिशी काढायला लावा.

"मी सांगू?" एडेलमिरा म्हणाली. "ह्याला नाही म्हणता येत नाही. ते काम दुसऱ्याला द्या. निवाल्दोने आता खेळायचं थांबवावं आणि बाकावर ह्याच्या शेजारी बसावं. कोण दमलाय ते त्याला लांबून ओळखू येईल. तो म्हणेल काढ, की हा काढेल."

निवाल्दोने खांदा चोळत विचार केला. खेळ सोडायचा म्हणजे सोपं नव्हतं. त्याच्या तोंडावर ते दिसलं. "बाकावर सावली असते ना?" त्याने शेवटी विचारलं. एवेलिओ म्हणाला, भरपूर.

पुढच्या हंगामात निवाल्दो सावलीत बसून असा कर्दनकाळ झाला की पोरं त्याला टरकून असत. पिचरने नुसता घाम पुसला तरी हा उठून उभा. "काढ त्याला, एवेलिओ!" एकदा तर तिसऱ्याच डावात दोघांना काढलं आणि सामना घालवला. सोमवारी तिबुर्सिओ उभा राहिला आणि निवाल्दोच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एवेलिओचं नाव कुणी काढलंच नाही.

ससाणे त्या वर्षी चौथे आले. शेवटचा सामना बघायला एडेलमिरा पहिल्यांदाच मैदानात गेली होती, तिबुर्सिओच्या बायकोशेजारी. सामना एका रनने जिंकला. चौकात डुक्कर भाजलं नाही, पण कुणीतरी कोंबड्या आणल्या, कुणीतरी ढोल आणला. अंधार पडायच्या आत ती एवेलिओबरोबर घराकडे निघाली. त्याची टोपी कुणीतरी पळवली होती, आणि स्वारी खुशीत होती.

"काय मग वकीलबाई? चौथा!"

"चौथा, हो. पण पाचव्या डावात दोन माणसं पुढे उभी असताना त्या ऑर्लीनला बॅट नुसती टेकवायला का सांगितलीस? मारायला सांगितलं असतं तर तिथेच सामना संपला असता."

"तो चेंडू खाली येत होता गं."

"कुठे खाली? मी समोर बसले होते!"

"तू समोर बसली होतीस, मी सहा वर्षं..."

"सात. आता सात झाली."

तो घरासमोर रस्त्यातच थांबला आणि बुटाच्या टोकाने धुळीत मैदान काढायला लागला, चार कोपरे, मधला उंचवटा. ती कंबरेवर हात ठेवून वाकून बघत होती. दोघांचं काही पटेना. शेवटी तिने त्याच्या हाताला धरून त्याला घरात ओढलं, आणि आतूनही बराच वेळ आवाज येत राहिले.