टेबलावरचं आणि कपाटातलं

खोडरबराचा एक कोपरा झिजून काळा पडलेला... याच कोपऱ्याने मास्तर रॅमच्या पट्टीची सोनेरी कड पुसायचे. समोर कॉम्प्युटरचा डबा उघडा, प्लग काढलेला. सकाळपासून बटण दाबलं की पंखा फिरे, आतून लांब शिट्ट्या येत आणि पडदा काळाच. वायरी तिने केव्हाच घट्ट करून पाहिल्या होत्या. ‘आधी प्लग, मग वायर, मग नशीब’ – मास्तरांच्या या वाक्यावर बाहेरच्या खोलीतला नवशिक्यांचा वर्ग हसायचा, आणि आत भांडी विसळता विसळता ती फी न भरता शिकत जायची.

मास्तर म्हणजे तिचा नवरा. सगळे म्हणत म्हणून तीही म्हणे. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचे शब्द गेले, एक ‘हं’ तेवढा उरला – भुकेलाही तोच, नकोलाही तोच.

“वृद्धाश्रमात नर्स असतात, वहिनी,” नणंद सकाळी फोनवर म्हणाली होती. “दादाला काय, इथे काय नि तिथे काय, सारखंच. संध्याकाळी गाडी घेऊन येते, जागा बघून येऊ. आणि तो डबा भंगारात द्या, तुमच्या संसाराइतका जुना झालाय.”

“मग मलाही वजनात धर. भाव बरा येईल.”

हसून फोन ठेवला खरा, पण... सारखंच?

मास्तर शिकवायचे, रॅम म्हणजे टेबल, डिस्क म्हणजे कपाट. वीज गेली की टेबलावरचं जातं, कपाटातलं राहतं. पण टेबलच डगमगलं, तर कपाट भरलेलं असूनही पडदा काळा – मग बाहेरच्याने काय समजायचं? वर्गात हे कुणी विचारलं नव्हतं.

तिने पट्टी पुसून लख्ख केली. पट्टीला एक खाच असते, जरा एका बाजूला; ती जुळली तरच पट्टी बसते. उलटी धरणाऱ्याच्या मनगटावर मास्तर हलकेच टिचकी मारायचे. ती त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली, डबा ओढला आणि पट्टी मुद्दाम उलटी धरली.

“अशीच ना हो?”

आपण नवऱ्याची परीक्षा घेतोय... तिचे कान तापले, तरी हात तिने तसाच ठेवला. मास्तरांचा चांगला हात उठला, मनगटाकडे आला – आणि मनगट सोडून तिच्या दुसऱ्या हातातला खोडरबर घेऊन पुसलेलीच कड पुन्हा पुसू लागला. सावकाश, एकाच दिशेने. खाच उलटीच. मग वाकून त्यांनी चुरा फुंकला.

“हं.”

ही हाताची सवय, की हाताच्या मागे कुणी आहे? तिने पट्टी सुलटी केली, दाबली. दोन्ही चिमटे टकटक बसले. प्लग. बटण. एकच छोटी शिट्टी. पडदा उजळला असावा, कारण मास्तरांच्या चेहऱ्यावर निळसर उजेड पडला; ती तिकडेच बघत राहिली.

बाहेर गाडी थांबली. खोडरबर अजून त्यांच्या मुठीत होता, आणि तो काढून घ्यावा असं तिला वाटेना. नणंदेच्या तोंडून ‘सारखंच’ हा शब्द मात्र आता ती ऐकून घेणार नव्हती.