तिरकी रेघ

"आजी, दोन्ही एचडीच आहेत," नौपाड्यातल्या दुकानातला दौलत तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा मंदाकिनी टिपणीसांनी पर्समधून चष्मा काढला.

नात क्षिप्रा आर्किटेक्चरला लागली होती. तिच्यासाठी लॅपटॉप घ्यायचा होता. तिला हलका, चंदेरी लॅपटॉप आवडला होता. त्याच्या कार्डावर 'एचडी' लिहिलं होतं आणि शेजारच्या काळ्या, जाडजूड लॅपटॉपच्या कार्डावर 'फुल एचडी'. सिनेमा दोन्हींवर मस्तच दिसतो, असं दौलतचं म्हणणं.

"सिनेमा नको. एक बारीक तिरकी रेघ काढून दाखवा, दोन्हींवर."

"आजी, तुला यातलं काय कळतंय? चल ना," क्षिप्रा पुटपुटली.

दौलतने रेघा ओढल्या. मंदाकिनीबाई वाकून बघत राहिल्या. चंदेरी पडद्यावरच्या रेघेला पायऱ्या पडल्या होत्या. काळ्यावरही होत्या, पण इतक्या बारीक, की नजर अडखळत नव्हती. पडद्यावर ठिपके किती, असं त्यांनी विचारलं. दौलतला सेटिंग उघडून बघावं लागलं. एकावर आडवे तेराशे सहासष्ट, उभे सातशे अडुसष्ट. दुसऱ्यावर एकोणीसशे वीस आणि एक हजार ऐंशी. पडदे एकाच मापाचे.

"म्हणजे जवळजवळ दुप्पट," मनातल्या मनात गुणाकार करून त्या म्हणाल्या. "नाव नाही बघायचं गं, आकडा बघायचा."

काळा लॅपटॉप घेऊन दोघी बाहेर पडल्या. रिक्षात क्षिप्राने विचारलं, तुला रेघेतला फरक कसा कळला? मग त्यांनी सांगितलं. माजिवड्याच्या कंपनीत त्या बावीस वर्षं ट्रेसर होत्या. इंजिनियरच्या पेन्सिलीच्या ड्रॉइंगवर ट्रेसिंग पेपर ठेवून शाईने रेघ ओढायची, श्वास रोखून. चुकलं तर ब्लेडने खरवडायचं. दुपारच्या सुट्टीत तिथल्या पाचही ट्रेसर बायका एकमेकींच्या रेघा उजेडाला धरून बघायच्या. शहाण्णव साली कॉम्प्युटर आले आणि पाचही जणींना आवक-जावक विभागात बसवलं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी पाकिटांवर पत्ते लिहिले.

"वाईट वाटलं असेल ना?"

"अक्षर चांगलं होतं माझं," त्या म्हणाल्या. "पण हाताला रेघेची सवय."

पंधरा दिवसांनी क्षिप्राने लॅपटॉपवर पहिला नकाशा पूर्ण केला आणि आजीला हाक मारली. मंदाकिनीबाईंनी जिना बघितला, दाराची कमान बघितली, भिंतींचे सांधे बघितले. सगळं नेटकं होतं. उजव्या कोपऱ्यात नावांच्या चौकटी होत्या: कोणी काढलं, कोणी तपासलं, कोणी मंजूर केलं. त्यांचं बोट तिथून थोडं खाली सरकलं आणि कोऱ्या जागेवर थांबलं.

"इथे ट्रेसरची चौकट असायची. आमची सही."

त्यांनी बोट उचललं तसा पडद्यावर ठसा उमटलेला दिसला. मंदाकिनीबाईंनी तो पदराच्या टोकाने हलकेच पुसून टाकला.