हक्काची चोर

त्या घरात काही हरवलं की शोधाशोध होत नसे, धाकटीला हाक मारली जाई.

धाकटी म्हणजे त्या घरातली धाकटी सून. नवरा कारखान्यातल्या अपघातात गेला, मूल नव्हतं, माहेरच्या दाराला कुलूप. म्हणून ती थोरल्या दिरांकडे राहिली. राहिली म्हणजे सगळ्यांच्या आधी उठली, सगळ्यांच्या नंतर जेवली आणि जिन्याखालच्या खोलीत झोपली. जाऊबाईंचं कानातलं, सासूबाईंची अत्तराची कुपी, पाहुण्यांचं पेन, काहीही जागेवर नसलं की “धाकटे, तू पाहिलंस का गं?” असा प्रश्न येई आणि विचारणाऱ्याची नजर आधीच जिन्याखाली पोचलेली असे. सुरुवातीला ती रडायची. मग शपथा घ्यायची. अलीकडे नुसती हातातलं काम करत राहायची. बोलणी संपत, वस्तू मात्र सापडत नसे.

अलीकडे तिच्या मनात एक वेगळीच गोष्ट घर करून होती. मागच्या गल्लीतल्या पाळणाघराला मदतनीस हवी होती. पगार बेताचा, पण राहायला खोली होती आणि खोलीला आतून कडी होती. संचालिकाबाईंनी तिला घेतल्यातच जमा होतं. “फक्त पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणा,” त्या म्हणाल्या होत्या, “लहान मुलांचं काम आहे, तेवढं लागतंच.” घरी हे सांगितल्यावर जाऊबाईंनी विचारलं, “आणि इथलं कोण बघणार? मी?”

शनिवारी पुतणीच्या लग्नाची खरेदी निघाली. जाऊबाई, पुतणी आणि पिशव्या धरायला धाकटी. दुकान मोठं, चार मजली, सरकत्या जिन्याचं. मोठी कापडी पिशवी नेहमीप्रमाणे धाकटीच्या खांद्यावर. तिच्यात पाण्याची बाटली, छत्री, जाऊबाईंच्या गोळ्या, पुतणीचा स्वेटर. कोणीही यावं, न विचारता हात घालावा, हवं ते काढावं, नको ते टाकावं. पिशवी धाकटीच्या खांद्यावर होती, पण धाकटीची अशी तिच्यात एक वस्तू नव्हती.

बाहेर पडताना दारातलं यंत्र केकाटलं.

“मावशी, जरा बाजूला या,” पहारेकरी म्हणाला. त्याने पिशवी टेबलावर रिकामी केली. स्वेटरच्या घडीतून एक बायकी घड्याळ निघालं, किमतीच्या चिठ्ठीसकट.

आजूबाजूचे सगळे घड्याळाकडे बघत होते. जाऊबाई मात्र आपल्या मुलीकडे बघत होत्या. क्षणभरच. मग त्या धाकटीकडे वळल्या आणि कपाळावर हात मारून म्हणाल्या, “अगं, काय केलंस हे! मागितलं असतंस तर दिलं नसतं का आम्ही?”

ती क्षणभराची नजर धाकटीच्या मनात कुसळासारखी रुतून बसली.

पोलीस ठाण्यात जबाब झाला. दिरांनी जामीन दिला, तोही चारचौघांसमोर सुस्कारा टाकून. न्यायालयाची तारीख पडली. घरी आल्यावर धाकटी भांडी घासायला बसली आणि तिने शनिवार पुन्हा पहिल्यापासून चालून पाहिला. दुसऱ्या मजल्यावर जाऊबाईंनी पिशवीतून गोळी काढली होती. घड्याळांच्या काचेच्या कपाटाशी पुतणीने बाटली मागितली नव्हती, स्वतःच हात घालून घेतली होती. पाणी मात्र प्यायली नव्हती. की प्यायली होती? कोणाचा हात? आणि कशासाठी? पाळणाघराला पोलिसांचा दाखला लागतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. नोकरी हुकावी म्हणून तर नाही? ती स्वतःच्याच विचाराने दचकली. मग दचकायचं थांबली आणि विचार करत राहिली.

सोमवारी थोरले दीर चिडून दुकानात गेले. व्यवस्थापक त्यांच्या ओळखीचा होता. “हातापाया पडतो आणि मिटवतो,” ते जाताना म्हणाले, “हिच्यापायी आता हेही करायचं.” दुपारी परत आले ते न बोलता आत गेले. खोलीचं दार लागलं. आत बराच वेळ कुजबुज चालली. एकदा जाऊबाईंचा हुंदका ऐकू आला.

मग जाऊबाई बाहेर आल्या आणि त्यांनी धाकटीसाठी चहा केला. कपबशीत.

त्या घराची चूक झाली ती इथे. इतक्या वर्षांत धाकटीला कोणी आयता चहा दिला नव्हता. तिचा चहा म्हणजे पातेल्यात उरलेला, उभ्याने, तोही गार. तिने बशीकडे पाहिलं, जाऊबाईंच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि शनिवारपासून तिला छळणारी शंका एका जागी येऊन बसली.

संध्याकाळी सगळे बैठकीच्या खोलीत जमले. पुतणी नव्हती, तिचं डोकं दुखत होतं. धाकटीला चक्क खुर्ची देण्यात आली.

“हे बघ,” दीर मऊ आवाजात म्हणाले, “पहिलाच गुन्हा आहे. न्यायाधीश विचारतील, कबूल आहे का. तू हो म्हणायचं. दंड मी भरतो. पाच मिनिटांत मोकळी.”

“आणि मी घेतलं नसेल तर, भाऊजी?”

“अगं, तू चोर नाहीस हे आम्हाला ठाऊक आहे ना! घरच्यांना खरं ठाऊक असलं की झालं. बाहेरच्यांना काय वाटतं त्याचं तुला काय करायचंय?”

“शनिवारी ठाऊक नव्हतं,” धाकटी म्हणाली. “आज कसं ठाऊक झालं?”

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. जाऊबाईंनी सतरंजीचा धागा उपसायला घेतला.

“दुकानात तुम्हाला कॅमेऱ्यातलं दाखवलं का?”

“नको ते उकरू नकोस!” दिरांचा मऊपणा तिथे संपला. “पोरीचं लग्न तोंडावर आलंय. खटला उभा राहिला, चार माणसांत चर्चा झाली, तर मुलाकडचे दारात तरी उभे राहतील का?”

“तुझं काय बिघडणार आहे गं?” सासूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मीठ कमी आहे असं सांगावं तसं त्या सांगत होत्या. “तुझं का लग्न व्हायचंय?”

हे वाक्य त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं, पण पाळलं जात होतं कित्येक वर्षं. अशी घरं आपल्याला अनोळखी नाहीत. जिचा माणूस गेला तिचं नावही त्याच्याबरोबर गेलं असं धरून चालतात, आणि मग त्या रिकाम्या जागी घरातल्या सगळ्यांचे डाग पुसतात. मारहाण नाही, उपासमार नाही. शेजारी म्हणतात, बघा, सांभाळतात तिला.

दुसऱ्या दिवशी भाजी आणायला म्हणून धाकटी निघाली ती न्यायालयाच्या आवारात गेली. तिथे मोफत कायदेशीर मदतीची एक अरुंद खोली होती. वकीलबाई चाळिशीच्या, आवाज बसलेला, टेबलावर अर्धवट खाल्लेलं सफरचंद. धाकटीने घड्याळाचं, पाळणाघराचं आणि कबुलीसाठी घरच्यांनी लावलेल्या घाईचं सांगितलं.

“घेतलंत?”

“नाही.”

“मग पिशवीत उडून आलं?”

“कोणी टाकलं ते कळलंय. पण मी तिला लहानाची मोठी केलीय.”

वकीलबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. “तिचं नाव मी विचारलं नाही. तुमच्यावर आरोप आहे, तुम्ही तुमच्यापुरतं बोला. कबूल केलंत तर बहुतेक दंडावर सुटाल, त्याच दिवशी मिटेल. पण गुन्हा सिद्ध झाला अशी नोंद राहील. लहान मुलांच्या ठिकाणी काम विसरा. नाही म्हणालात तर खटला चालेल. तारखा पडतील, दुकानाचा वकील टोचून बोलेल, घरचे काय करतील ते तुम्ही जाणता. मात्र कॅमेऱ्यातलं चित्रण आपल्याला मागवता येईल. कबूल केलंत तर ते कोणी बघणारसुद्धा नाही.”

“अजून असेल ते?”

“काही दिवसांनी पुसतात. तुमच्या घरच्यांना इतकी घाई कसली आहे असं वाटलं होतं का तुम्हाला?”

“वाटलं होतं.”

“वाटायलाच हवं होतं,” वकीलबाई म्हणाल्या. “मी काही तुम्हाला शूर व्हा म्हणणार नाही. शूर झालेल्या बायका इथे बाकावर तासन्‌तास बसतात, मी रोज बघते. ठरवायचं तुम्ही.”

तारखेच्या आदल्या संध्याकाळी पुतणी स्वयंपाकघरात आली. ओट्याशी उभी राहून चमच्यांशी चाळा करत म्हणाली, “काकू, तू उद्या हो म्हणणार ना?”

“तू असतीस तर काय म्हटलं असतंस?”

“आई म्हणते, तुला काही फरक पडत नाही.”

“तुझी आई काय म्हणते ते नाही विचारलं मी.”

मुलीचा चेहरा चुरगळला. “मला नको होतं गं ते घड्याळ. खरंच. माझ्याकडे दोन आहेत. मला कळतच नाही कसं होतं. हात जातो, आणि मग छातीत असं धडधडतं, आणि मग...”

“कानातलंसुद्धा?”

पुतणीने मान खाली घातली.

“अत्तर? पाहुण्यांचं पेन?”

“आईला माहितीये,” ती पुटपुटली. “माझ्या कपाटात सापडलं होतं तिला सगळं. ती म्हणाली, गप्प बस, मी बघते.”

बघते म्हणजे काय, ते धाकटी इतकी वर्षं भोगत होती. तिला वाटलं होतं, हे ऐकल्यावर आपण ओरडू, निदान रडू तरी. पण तिला त्या मुलीचीच कीव आली. आजारी माणसाला औषध द्यायचं सोडून घरच्यांनी त्याच्या खोकल्याचा आवाज दुसऱ्याच्या नावावर खपवला होता.

“इकडे बघ,” ती म्हणाली. “उद्या मी हो म्हटलं, तर परवा तू पुन्हा काहीतरी घेशील. लग्न होऊन जाशील, तिथेही घेशील. तिथे पिशवी धरायला मी नसेन.”

“मग तू माझं नाव सांगणार?”

“नाही. मी फक्त माझं सांगणार. तुझं तू सांगायचंस. डॉक्टरांना आधी सांग, मी येते बरोबर. पण आता तुझ्यासाठी खोटं बोलणार नाही. आजवर गप्प राहिले, तेच फार झालं.”

पुतणी रडत बाहेर गेली. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावर आवाज चढले, दार आपटलं. धाकटीला जेवायला कोणी हाक मारली नाही. तिने स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि टेबलाशी बसून गरम जेवली.

न्यायालयात सकाळपासून गर्दी. शिपाई नाव पुकारून पुकारून घायकुतीला आला होता. “आवाज नाही! बाजार भरलाय का इथे?” असं तो सगळ्यांत मोठ्या आवाजात सांगत होता. छोटी प्रकरणं भराभर निघत होती. विनापरवाना गाडी. कबूल. रस्त्यात मारामारी. कबूल. दुकानातून चॉकलेटं. कबूल. न्यायाधीश दंड सांगत, कारकून लिहीत, पुढचा.

दीर मागच्या बाकावर होते. दंड भरण्याच्या तयारीने आले होते. जाऊबाई शेजारी. धाकटी पुढे झाली तेव्हा दिरांनी तिला मान हलवून खूण केली, घोड्याला करावी तशी.

“आरोप समजला?” न्यायाधीशांनी वर न बघता विचारलं.

“समजला, साहेब.”

“कबूल आहे?”

खोलीत पंखा फिरत होता. कारकुनाने पेन टेकवलंही होतं, कारण उत्तर काय येणार हे त्याला वर्षानुवर्षं ठाऊक होतं.

“नाही,” धाकटी म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की शिपाईच दचकून गप्प झाला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. “बाई, नीट समजून घ्या. पहिला गुन्हा आहे. कबूल केलंत तर आज संपेल.”

“साहेब, आज संपणार नाही ते.” या वेळी आवाज मोठा निघाला. “मी चोरी केलेली नाही. मला कबूल नाही.”

वकीलबाई उठल्या. दुकानाच्या कॅमेऱ्यातलं त्या दिवसाचं चित्रण पुसू नये, न्यायालयात हजर करावं, एवढीच त्यांची विनंती होती. न्यायाधीशांनी आदेश दिला. मागच्या बाकावर जाऊबाईंनी दिरांचा हात घट्ट धरला.

बाहेर व्हरांड्यात दीर तिला गाठायला आले तेव्हा त्यांचा चेहरा काळवंडला होता. “लग्न मोडलं तर त्या पापाची धनी तू!”

“ते तुम्ही ठरवू नका, भाऊजी,” धाकटी म्हणाली. “इतके दिवस सगळं तुम्हीच ठरवलंत. आता चित्रणात जे दिसेल ते दिसेल. आणि त्या आधी पोरीला डॉक्टरकडे न्या. तिला शिक्षा नको, औषध हवंय.”

“आमच्या पोरीला वेडी ठरवतेस?” जाऊबाई ओरडल्या. व्हरांड्यातली माणसं वळून बघू लागली. “एक घड्याळ घेतलं म्हणून आमच्या पोरीला?” आपण भर व्हरांड्यात काय कबूल केलं, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी पदर तोंडावर घेतला. दिरांनी त्यांना जवळजवळ ओढतच गाडीकडे नेलं. गाडी धाकटीसाठी थांबली नाही.

वकीलबाई फायली सावरत शेजारी येऊन उभ्या राहिल्या. “पुढची तारीख कळवते. खटल्याला वेळ लागेल. पाळणाघराच्या बाईंना मी एक पत्र देते, निकाल लागेपर्यंत जागा ठेवतील की नाही, सांगता येत नाही.” मग त्यांनी विचारलं, “आज कुठे जाल? निराश्रित स्त्रियांसाठी एक वसतिगृह आहे, मी फोन करू का?”

धाकटीने रस्त्याकडे पाहिलं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली होती.

“नको,” ती म्हणाली. “घरीच जाते. पळून जायला मी काय चोरी केलीय?”