एकशेबारावर अडकलेला काटा

मी एक जुना हवेचा गेज आहे. मित्रांनो, मोटारीच्या चाकात किती पाउंड हवा आहे ते सांगणे हे माझे जन्मजात कर्तव्य. पितळेचे अंग, काचेचा वाटोळा चेहरा, त्यावर शून्यापासून दोनशेपर्यंत आकडे आणि एक बारीक लाल काटा, एवढाच माझा संसार. माझा एक विशेष गुण मात्र आधीच सांगून ठेवतो. चाकाच्या तोंडाला मला लावले की काटा चढतो आणि मला बाजूला घेतले तरी तो चढलेल्या जागीच थांबतो. वाचणाऱ्याने सावकाश वाचावे म्हणून ही सोय. डोक्यावरचे बटण दाबावे, तेव्हाच तो शून्यावर उतरतो.

माझा जन्म चेन्नईजवळच्या अंबत्तूर येथील एका लहान कारखान्यात झाला. एग्मोरच्या दुकानात मी इतर गेजांबरोबर पडून होतो. तेथे गुंडोअप्पा आले. ते मैलापुरात राहणारे तंजावरी मराठी गृहस्थ, रेल्वेच्या कारखान्यात ब्रेकचे काम करीत. त्यांनी तीन गेज एकाच चाकाला लावून पाहिले आणि ज्याचे उत्तर दुकानदाराच्या प्रमाण गेजाशी जुळले त्याला घेतले. तो मी. त्या दिवसाचा अभिमान मी पुढे फार वर्षे बाळगला. कदाचित गरजेपेक्षा जास्त.

अप्पा निवृत्त झाले आणि त्यांची कन्या वाणी हिने एक भलीमोठी घरगाडी घेतली. बसच्या सांगाड्यावर बांधलेले ते चालते घरच. आत निजायला चार पलंग, शेगडी, न्हाणी आणि पाण्याची टाकी. वाणी ती प्रवाशांना भाड्याने देई, वेंकट नावाचा तरुण ती चालवी आणि चाकांची जबाबदारी अप्पांकडे होती. रोज सकाळी, चाके थंड असताना, अप्पा मला सदऱ्याच्या खिशातून काढीत आणि पुढच्या चाकांपासून सुरुवात करीत. ते वेंकटला सांगत, "मागं चार चाकं आहेत, एक गेलं तर तीन सांभाळतील. पुढं दोनच. त्यातलं एक फुटलं तर स्टिअरिंग तुझं ऐकणार नाही." माझ्या चेहऱ्यावर एकशेबारा दिसले की ते समाधानाने मान हलवीत. ती मान माझ्यासाठी हलते, अशी माझी समजूत होती.

मग तो आला. वाणीने सहाही चाकांच्या तोंडांना छोट्या टोप्या बसवल्या आणि चालकापुढे एक पडदा लावला. बसल्या जागी सहा चाकांची हवा हिरव्या आकड्यांत दिसू लागली. गाडी धावत असतानाही तो सांगे. मला धावत्या गाडीत कोण विचारणार? वाणी त्याला मऊ फडक्याने पुसे. मला अप्पा धोतराच्या सोग्याला पुसत. वेंकट म्हणाला, "मामा, आता वाकू नका. कंबर राहू द्या नातवंडांना उचलायला." अप्पा हसले आणि तरीही वाकले, पण पूर्वी रोज वाकत ते आता आठवड्यातून एकदा. उरलेले सहा दिवस मी खिशातल्या अंधारात त्या हिरव्या आकड्यांचा हेवा करीत राहिलो. मनात एकच इच्छा होती, की त्याने एकदा तरी चुकावे आणि सर्वांसमोर चुकावे.

त्या साली नवरात्रात अप्पांची थोरली बहीण राजसबाई तंजावरहून आली होती. कोलूच्या, म्हणजे नवरात्रात मांडायच्या, बाहुल्या आणि त्या रचायच्या पायऱ्या, सारे तिने सोबत आणले होते. खंडेनवमीच्या आयुधपूजेच्या आदल्या दिवशी अप्पांनी मला शेवटचे चाकाला लावले. एकशेबारा आले. काटा तसाच ठेवून त्यांनी मला पूजेच्या पाटावर नट फिरवायचे पाने आणि पक्कड यांच्या शेजारी मांडले. दुसऱ्या दिवशी राजसबाई गंध लावू लागली. वाणी म्हणाली, "आत्या, पडद्याला जपून लाव. नुसता ठिपका." माझ्यापाशी आल्यावर मात्र राजसबाईने चांगला गोळा उचलला. "हा आमच्या गुंडोचा जुना सोबती," म्हणत तिने तो माझ्या डोक्यावर, बटणावर थापला आणि वर कुंकू दाबले. मित्रांनो, मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. त्याला ठिपका आणि मला गोळा. चंदन वाळून दगड होत होते आणि मी त्यालाच मुकुट समजत होतो.

विजयादशमी झाली, बाहुल्या उतरल्या. घरगाडी तंजावरला प्रवासी आणायला रिकामी जायची होती, म्हणून राजसबाईने सामानासह तिच्यातूनच जायचे ठरले. वाणीही बरोबर जाणार होती. आदल्या संध्याकाळी सामान चढले. मागे गचके बसतात म्हणून बाहुल्यांच्या सर्व पेट्या राजसबाईने चालकाच्या पाठीमागे रचून घेतल्या. लोखंडी पायऱ्याही तेथेच, आणि गावी न्यायचा दगडी रगडाही तेथेच. तरीही तिचे समाधान होईना. "वेंकट, माझ्या आजीच्या वेळच्या बाहुल्या आहेत रे. गाडी जरा मऊ चालव." वेंकटने शक्कल लढवली. पुढच्या दोन्ही चाकांतली थोडी हवा त्याने सोडून दिली. पडद्यावर अठ्ठ्याण्णव आले. पडदा बसवणाऱ्याने धोक्याची हद्द पंचाण्णवावर ठेवली होती, त्याखाली गेला तरच आकडा लाल होई, त्यामुळे तो हिरवाच राहिला.

पहाटे अप्पांनी मला पुढच्या डाव्या चाकाला लावले. लावण्यापूर्वी त्यांनी सवयीने बटणावर अंगठा दाबला, पण वाळलेल्या चंदनाखाली बटण हलले नाही. माझ्या पोटातली नळी अठ्ठ्याण्णवपर्यंतच ताणली गेली. काटा मात्र चार दिवसांपूर्वीच्या जागी होता. अप्पांनी चष्मा सारखा केला आणि वाचले, "एकशेबारा."

"अप्पा, इथं अठ्ठ्याण्णव दाखवतंय," वाणी आतून म्हणाली.

"मग ते खोटं दाखवतंय. माझ्या गेजानं आजवर फसवलं नाही."

हेच ऐकण्यासाठी मी किती दिवस झुरलो होतो. मित्रांनो, मला वाचा नाही हे खरे. पण त्या क्षणी मला बोलता आले असते, तरी मी बोललो नसतो. त्या गाडीत अप्पांची लेक आणि बहीण बसणार आहेत, पुढची चाके भुकेली आहेत, हे सारे मला ठाऊक होते. तरी माझ्या मनात एवढेच होते, की तो हरला.

"दोघांतला एक चुकतोय, अप्पा. कोणता ते कळल्याशिवाय मी निघणार नाही," वाणी खाली उतरत म्हणाली. वेंकट चपलेने माती उकरीत होता.

तेवढ्यात खिडकीतून राजसबाई म्हणाली, "त्यात भांडायचं काय? काल या वेंकटनं माझ्या बाहुल्यांसाठी हवा काढली की. गुणाचं पोर."

"तू हवा काढलीस?" अप्पांनी विचारले.

"थोडीशीच, मामा. मऊ चालावी म्हणून. पडदा हिरवाच होता."

अप्पांनी मला डोळ्यांजवळ धरले. हवा काढली, तर एकशेबारा कोठून आले? त्यांनी नखाने चंदन खरवडले, कुंकवाची खपली उडवली आणि बटण जोराने दाबले. काटा धाडकन शून्यावर पडला. त्यांनी मला पुन्हा चाकाला लावले. अठ्ठ्याण्णव. पडद्याचा आणि माझा आकडा एक झाला. खरा तो होता.

अप्पांनी माझ्यावरचे उरलेले चंदन सोग्याने पुसले. मग म्हणाले, "मी आज तुम्हाला दोघींना अशा चाकांवर पाठवून दिलं असतं." आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो मला अधिक लागला.

एकशेबारा पाउंड हवा भरून झाली. तरीही अप्पा गाडीत चढून बसले. "हवा किती हवी ते वर बसलेल्या ओझ्यावर ठरतं," ते म्हणाले. "ओझं ना या पडद्याला कळतं, ना माझ्या गेजाला. आधी वजनकाटा."

श्रीपेरुंबुदूरच्या वाटेवरील वजनकाट्यावर त्यांनी गाडीची फक्त पुढची चाके चढवली. दाराजवळच्या पत्र्यावर पुढच्या आसाची मर्यादा सहा हजार किलो लिहिलेली होती. काट्याने सहा हजार तीनशे ऐंशी दाखवले. राजसबाई म्हणाली, "माझ्या बाहुल्यांचं एवढं वजन? त्या तर पोकळ आहेत."

"बाहुल्या पोकळ, अक्का. पायऱ्या आणि रगडा पोकळ नाहीत."

"मग रगडा ने मागं. बाहुल्या इथंच राहतील."

"अक्का, पुढचं चाक फुटलं तर बाहुल्या पुढं असोत की मागं, एकही वाचायची नाही."

 मग राजसबाईने आपल्या ट्रंकेतली मऊ लुगडी काढली आणि एकेक पेटी स्वतः गुंडाळून मागे नेऊ दिली. पुन्हा वजन केले. पुढे पाच हजार आठशे वीस भरले. मागचाही भार पाहिला, तो मर्यादेत होता. पडदा बसवणाऱ्याला बोलावून धोक्याची हद्द वर घ्यायची, हे वाणीने वहीत लिहिले. अप्पा उतरले आणि गाडी गेली. अप्पा आणि मी तिथल्या कारखान्यांच्या बसगाड्यांच्या धुळीत परतीची बस शोधत उभे राहिलो.

सायंकाळी तंजावरहून राजसबाईचा फोन आला. "गुंडो, आपल्या कोलूतली ती दुकानदाराची बाहुली, तिची मान गेली."

"आणि तुम्ही?"

"आमच्या माना जागेवर आहेत. तिची मी डिंकानं चिकटवते."

त्यानंतर अप्पांनी मला टाकून दिले नाही, पण पूर्वीसारखे मिरवलेही नाही. आता ते आधी पडद्यावरचा आकडा वाचतात, मग मला लावतात. दोघांचे जुळले तरच गाडी निघते आणि सामान वाढले की वजनकाट्यावर जाते. पडद्याचा हेवा अजूनही वाटतो. तो एकदम जात नाही. पण आता आमचा आकडा जुळावा अशी मीच वाट पाहतो.

मित्रांनो, मोठ्या गाडीतून निघताना पुढच्या चाकांवर किती भार आहे ते तोलून घ्या आणि त्या भाराजोगी हवा भरा. पुढच्या आयुधपूजेला माझ्यासारख्या म्हाताऱ्याचा मान करावासा वाटला, तर गंध पितळेला लावा, बटणाला नको. आणि आमच्यावर कितीही विश्वास असला, तरी चाकाला लावण्यापूर्वी बटण दाबा आणि काटा शून्यावर आला का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.