दाबून राहिलेलं बटण

लागोपाठ तिसऱ्या रविवारी तो टेकडीच्या पायऱ्या चढत होता, आणि प्रत्येक वळणावर थांबून स्वतःलाच विचारत होता की हे नक्की कुणासाठी चाललंय. पाठीवरच्या पिशवीत सोल्डरिंग आयर्न, दोन पाने, केबलचं भेंडोळं आणि पाण्याची बाटली होती. गुडघे कुरकुरत होते. आठवड्याचे सहा दिवस तो लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेली माणसं बाहेर काढायची, त्यांची बोलणी खायची आणि पुढच्या इमारतीकडे पळायचं. सातवा दिवस झोपेसाठी असतो असं त्याने ऐकलं होतं.

टेकडीवर पाण्याची मोठी टाकी होती आणि टाकीला चिकटून एक कोंदट खोली. त्या खोलीत त्यांच्या हौशी रेडिओ मंडळाचा रिपीटर होता. घराघरातल्या लहान सेटचा आवाज जेमतेम चार गल्ल्या ओलांडायचा. हे यंत्र तो उंचावरून पकडायचं आणि जोर लावून साऱ्या परिसरात पुन्हा सोडायचं. मंडळात एकेकाळी बावीस जण होते. आता उरले होते सात, आणि त्यातल्या सहांना तक्रार तेवढी करता येत होती. दुरुस्ती म्हटली की सगळ्यांना एकच नाव आठवायचं, खटका. बोलायला सुरुवात करताना त्याच्या माइकमधून टक् असा आवाज यायचा, म्हणून हे नाव पडलं होतं. माइक बदलून दहा वर्षं झाली, नाव काही सुटलं नाही.

दोन महिने रिपीटर खरखरत होता. पहिल्या रविवारी त्याने वीजपुरवठ्याचा डबा बदलला. दुसऱ्या रविवारी यंत्राचं पोट उघडून एकेक जोड तपासला. एरवी कुणी माइकचं बोलायचं बटण सलग तीन मिनिटं दाबून धरलं, की यंत्र आपणहून आवाज तोडायचं. चाचणीत ती सोय आड यायला लागली, म्हणून तीही त्याने काढून ठेवली. पुन्हा जोडायची राहून गेली. घरी जाईपर्यंत इतका जीव जायचा की असं काहीतरी राहूनच जायचं.

आज मात्र चोर सापडला. शिडीवर चढून त्याने अँटेनाखालचा कनेक्टर उघडला, तर आतून चमचाभर पाणी गळलं. तांब्याची तार हिरवी पडली होती. त्याने केबल वीतभर कापली, नवा कनेक्टर लावला आणि वरून रबरी टेपचे चांगले तीन थर गुंडाळले. खाली येऊन यंत्र चालू केलं. खरखर बंद! दोन महिन्यांनी त्या खोलीत खरीखुरी शांतता झाली. तो उपड्या बादलीवर बसला आणि हातातल्या सेटवरून म्हणाला, "मास्तर, आहात का? खटका बोलतोय."

मास्तर म्हणजे टपालखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, मंडळातले सर्वांत जुने. "अरे वा!" त्यांचा आवाज आला. "समोर बसून बोलल्यासारखं ऐकू येतंय. औषधवाले, तुम्ही आहात ना?"

"आहे, आहे," औषधांच्या दुकानदाराने उत्तर दिलं. "खटका, तुझ्या हातात जादू आहे बाबा. बाकीच्यांना पण बोलव, सगळे वाटच बघताहेत."

एकेक करून बाकीचे चौघंही सेटवर आले. कौतुक झालं. त्याला बरं वाटायला हवं होतं; पण अंगात भरून राहिलेला ताण सुटल्यावर फक्त थकवा उरला. तो हत्यारं पिशवीत भरायला लागला.

तेवढ्यात यंत्राच्या स्पीकरमधून कपडे झटकल्याचा फट् फट् आवाज आला. मग बांगड्या. मग त्याच्या बायकोचा आवाज.

"हां ताई, बोल. नाही गं, घरात कुणी नाही. ते गेलेत टेकडीवर."

त्याला आधी वाटलं, आपल्याला भास झाला. मग लक्षात आलं. सकाळी निघताना घरचा सेट चालूच राहिला होता. बायकोने धुतलेल्या कपड्यांच्या घड्या नेहमीप्रमाणे त्याच्या टेबलावर रचल्या असणार. कपाटात जागा नव्हती आणि कपाट मोठं करायचं काम गेली दोन वर्षं त्याच्याकडे होतं. घड्यांखाली माइक दबला होता आणि बटण दाबलेलं राहिलं होतं. पलंगावर बसून ती बहिणीशी फोनवर जे बोलत होती, ते या यंत्रातून सगळीकडे जात होतं. मध्ये कुणाला बोलताही येणार नव्हतं. तोडणारी सोय तर त्यानेच काढली होती.

यंत्राचा स्विच हाताच्या अंतरावर होता. त्याने हात पुढे केलाही.

"ह्यांना नाही सांगितलं अजून," बायको म्हणाली.

हात तिथेच थांबला.

"गुरुवारची तारीख दिलीय. गाठ काढायची, मग तपासायला पाठवणार. गळ्याशीच आहे ना, म्हणून डॉक्टर म्हणाले थांबू नका... नाही गं, दुखत नाही. भीती वाटते एवढंच. तू बुधवारी ये. ह्यांना सांगेन, तुझ्याकडे राहायला जातेय म्हणून."

बहीण पलीकडून काहीतरी बोलली असावी. बायको हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं.

"सांगायला गेले होते की दोनदा. एकदा म्हणाले, एक मिनिट, आणि तो डबा उघडून बसले. दुसऱ्यांदा जेवतानाच डोळे मिटत होते. चिडू तरी कशी? दिवसभर राबतात बिचारे. उरलेलं ते त्या टाकीवाल्या खोलीत खर्च करतात. माझ्या वाट्याला येतो तो नुसता झोपलेला माणूस."

तो उभाच होता. स्विच बंद करायला हवा, हे त्याला कळत होतं. पण तिचा आवाज तो ऐकत राहिला. कितीतरी दिवसांनी ती इतकं सलग बोलत होती.

खिशातला फोन वाजला. औषधवाला होता.

"खटका, अरे वहिनींचा आवाज... सगळीकडे जातोय. बंद कर आधी!"

त्याने स्विच खाली ओढला. खोलीत काहीच उरलं नाही, फक्त टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज.

उतरताना तो दोनदा पायरीवर बसला. मास्तरांचा फोन आला. "मी पहिलं वाक्य ऐकलं आणि सेट बंद केला," ते म्हणाले. "बाकीच्यांनीही केला असेल. मनाला लावून घेऊ नकोस." हे खरं होतं की त्याची लाज राखायला सांगितलेलं, हे त्याने विचारलं नाही. परक्या माणसाने एका वाक्यात जे केलं, ते आपल्याला पाच मिनिटं जमलं नाही, एवढंच त्याला टोचत राहिलं.

घरी बायको अजून घड्याच घालत होती. फोन संपला होता. तो थेट टेबलापाशी गेला, चादरींचा ढीग उचलला आणि खालचा माइक बाहेर काढला. सेटवरचा लाल दिवा विझला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"हा दाबला गेला होता. तू ताईंशी बोलत होतीस ना, ते सगळं तिकडे ऐकू गेलं."

तिच्या हातातला सदरा तसाच राहिला. "कुणाला?"

"मला. मंडळातल्यांना."

"मास्तरांना पण?"

"त्यांनी लगेच बंद केलं म्हणाले."

"अगंबाई," ती म्हणाली आणि पलंगाच्या कडेवर बसली. सदरा तिने मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं मी बोलतेय ते?"

खोटं बोलणं सोपं होतं. वर हातात काम होतं, लक्ष नव्हतं, असं म्हणून सुटता आलं असतं. पण खोटं रचायलाही अंगात काहीतरी लागतं.

"लगेच कळलं," तो म्हणाला. "बंद उशिरा केलं. ऐकत राहिलो."

"लोकांना पण ऐकू दिलंत?"

"तेव्हा लोक डोक्यातच नव्हते."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "म्हणजे सलग पाच मिनिटं माझं ऐकायला," ती म्हणाली, "तुम्हाला टेकडी चढावी लागली."

तो तिच्याशेजारी बसला. त्याच्या कपड्यांना टाकीच्या शेवाळाचा वास येत होता, आणि एरवी ती म्हणाली असती, आधी अंघोळ करा. आज ते म्हणाली नाही.

"कुठे आहे?" त्याने विचारलं.

तिने त्याचा हात धरून गळ्याच्या डाव्या बाजूला नेला. बोराएवढी गाठ, बोटाखाली सरकणारी. इतके दिवस रोज समोर बसून जेवणाऱ्या बायकोच्या गळ्यावर ती होती.

"गुरुवारी रजा टाकतो," तो म्हणाला.

"ताई येतेय."

"येऊ दे. मी पण येतो."

"तुम्ही तिथे बसून काय करणार?"

"बसेन."

"झोपाल," ती म्हणाली.

आणि तो झोपलाच. गुरुवारी दवाखान्याच्या बाकावर, मेहुणीच्या शेजारी, भिंतीला डोकं टेकून त्याला गाढ झोप लागली. शस्त्रक्रिया संपली तेव्हा मेहुणीनेच कोपराने ढोसून उठवलं. "चला, बोलावलंय," ती म्हणाली, आणि का कुणास ठाऊक, पदराने डोळे पुसता पुसता हसायला लागली.

तपासणीचा कागद यायला आठ दिवस लागणार होते. बायकोचा आवाज बसला होता. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल, जास्त बोलू देऊ नका. तिला काही हवं असलं की ती टाळी वाजवायची, आणि तो हातातलं टाकून जवळ जायचा, वाकायचा, तिच्या ओठांपाशी कान न्यायचा. बहुतेक वेळा ती सांगायची, डाळीला मीठ नाही, किंवा गॅस बारीक करा. एकदा तिने विचारलं, "मंडळाचं काय?"

मंडळाचा रिपीटर बंदच होता. त्याने औषधवाल्याला घरी बोलावून खोलीची किल्ली दिली होती आणि काढलेली सोय कुठे जोडायची ते कागदावर चित्र काढून दाखवलं होतं.

"मला जमेल का रे?" औषधवाल्याने दारातच विचारलं होतं.

"नाही जमलं तर बंद राहू दे," तो म्हणाला होता.

औषधवाला आणि मास्तर दोघं मिळून दोनदा चढले. दुसऱ्या खेपेला यंत्र सुरू झालं. मास्तरांनी फोन करून ते सांगितलं, तेव्हा तो भांडी विसळत होता. "छान झालं," तो म्हणाला आणि त्याला ते मनापासून वाटलंही. पण घरचा सेट लावून बघायचं त्याला सुचलं नाही.

आठव्या दिवशी कागद आला. गाठ साधी होती, काळजीचं काही नव्हतं. दोघं दवाखान्यातून परत आले. आनंद करायलाही त्राण उरलं नव्हतं. घरात शिरल्या शिरल्या ती चपलांसकट पलंगावर आडवी झाली. भर दुपार होती. खिडकीतून ऊन तिच्या पायांवर येत होतं. त्याने तिच्या चपला काढल्या, पडदा ओढला आणि तिच्या शेजारी जागा करून पडला.

"अहो," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"हं?"

"काही नाही. जागे आहात का, बघितलं."

"जागा आहे," तो म्हणाला. थोड्या वेळाने दोघांनाही झोप लागली.